मंठाळची उसनी बॅटरी

हे सगळं घडलं ते दोन हजार चोवीस साली. त्या वैशाखात बसवकल्याण भागात असा वारा सुटला की मंठाळच्या शिवारातले विजेचे खांब तुरीच्या काड्यांसारखे आडवे झाले. तेव्हा मला आठ वर्षं पूर्ण होत होती. मित्रांनो, तुमच्यात आठ हे खेळायचं वय. आमच्यात ते म्हातारपण.

मी एक जुनी बॅटरी आहे. पत्र्यावरच्या सोलरची वीज दिवसभर पोटात साठवायची आणि लाईट गेली की ती घराला द्यायची, एवढंच माझं काम. अंग काळं, वजन दोन माणसांनी उचलावं एवढं, डोक्यावर सहा टोपणं. टोपणांच्या मधोमध लाल काड्या. काडी वर असली की समजायचं हिचं पाणी ठीक आहे, खाली गेली की हिला तहान लागली आहे.

माझं वय आठ, पण माझं शिसं माझ्याहून फार जुनं. ते आधी एका ट्रकच्या बॅटरीत होतं, त्याआधी आणखी कशात तरी. पुन्हा पुन्हा वितळवलेलं आणि ओतलेलं. म्हणून मला लांबलांबचं आठवल्यासारखं होतं. हे पार्वतीबाईंनी ऐकलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "आमच्या घरात पुनर्जन्म-बिनर्जन्म चालत न्हाई बाई. गप बस."

पार्वतीबाई ही माझी घरधनीण. तरुणपणी नवऱ्याबरोबर त्या कलबुर्गीला गेल्या आणि तुरीच्या डाळमिलमध्ये वीस-बावीस वर्षं राबल्या. नवरा भीमराज तिथंच वारला. त्या मंठाळला परतल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक लेक होता, एक पत्र्याची पेटी होती आणि छातीत बसलेली मिलची धूळ होती. लेक रत्नपाल मोठा झाला, बसवकल्याणला औषधांच्या दुकानात कामाला लागला. पहिल्यांदा चार पैसे हाताशी आले तेव्हा त्यानं छपरावर सोलर बसवलं आणि मला घरी आणलं.

मी आले तेव्हा अख्ख्या गल्लीत तसं सोलर दुसरं नव्हतं. पार्वतीबाईंनी माझ्यावर हात फिरवला आणि सुनेला, पंचशीलेला म्हणाल्या, "हिचं पाणी तू बघायचं. लेकराला बघतीस तसं." मी कामावर होते तोवर पंचशीलेनं ते पाळलं. दर महिन्याला ती दुकानातलं शुद्ध पाणी आणायची, टोपणं उघडायची, काड्या वर आल्या की थांबायची. ना जास्त, ना कमी.

पण मी एका घरची कधी राहिलेच नाही. विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं वाचन सुरू झालं की तीन महिने दर संध्याकाळी मला तिथं न्यायचे. शाळेचं संमेलन असो, कुणाच्या घरी पाळणा असो, जावळ असो, बांबूला दोर बांधून दोघं जण मला उचलायचे. माझ्याबरोबर इन्व्हर्टरचा डबा निघायचा, आणि गल्लीतून आमची वरात चालायची. भोंगे वाजवून वाजवून मला पार निचरून काढत. मी थकून परत यायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हाची वाट बघत कोपऱ्यात बसायचे.

रत्नपाल कुरकुर करायचा. "आई, बॅटरी अशी फिरवायची नसती. आडवी केली की ॲसिड सांडतंय. पार रिकामी केली की लवकर मरती."

"तुझी बॅटरी मरंल तवा दुसरी घेऊ," पार्वतीबाई म्हणायच्या. "दारात मागायला आलेल्या माणसाला न्हाई म्हणू का?"

सगळ्यात जास्त मागणी यायची ती गल्लीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या किशनरावांकडून. किशनराव म्हणजे गावातले जुने शेतकरी, तुरीचे व्यापारी, चिरेबंदी बांधलेल्या विहिरीचे मालक. वय पार्वतीबाईंच्याच आसपास. ते स्वतः यायचे, पण ओट्याच्या वर कधी चढायचे नाहीत. रस्त्यातूनच हाक मारायचे, "पार्वते, बॅटरी हाय का मोकळी?" पार्वतीबाई आतून म्हणायच्या, "न्या की." आणि त्या दिवशी त्यांचा चेहरा सणासारखा दिसायचा. का ते मला तेव्हा कळत नव्हतं.

किशनरावांची बायको राजूबाई. स्वभावानं गरीब, हात सढळ. तुम्हाला ठाऊक असेल, शेजाऱ्याचं भांडं परत करताना ते रिकामं देत नाहीत. वाटीभर साखर, नाही तर मूठभर शेंगा, काहीतरी घालूनच देतात. त्या वाऱ्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या घरच्या जावळाहून मी परत निघाले तेव्हा राजूबाईंनी माझी टोपणं उघडून पाहिली. पाणी खाली गेलेलं. "आगं बाई, तशीच कशी द्यायची?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या विहिरीचं थंडगार पाणी तांब्यानं सहाही टोपणांत काठोकाठ भरलं. मित्रांनो, ते पाणी मायेचं होतं. पण बॅटरीला साधं पाणी चालत नाही. त्यातला क्षार माझ्या शिशाच्या पट्ट्यांवर चढला आणि आतून मला खात राहिला. काड्या वर होत्या, त्यामुळे पंचशीलेला काही दिसलं नाही. त्यानंतर मी जिथं जिथं गेले, तिथं राजूबाईंच्या विहिरीचा क्षार घेऊनच गेले.

दोन हजार तेवीसच्या हिवाळ्यात पार्वतीबाईंचा दम वाढला. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनची मशीन ठेवायला सांगितली. खाटेजवळ ती गुरगुरत राहायची आणि नळीतून त्यांच्या नाकाला हवा द्यायची. लाईट गेली की ती हवा मी द्यायची. असं माझं काम बदललं. पूर्वी मी दिवे लावत होते, आता एका माणसाचा श्वास माझ्या भरवशावर होता, आणि माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

वैशाखात किशनरावांची नात शिवकन्या हिचा साखरपुडा ठरला. किशनराव ओट्याखाली येऊन उभे राहिले.

"दुपारपुरती पायजे होती, पार्वते. पाहुणे उद्गीरचे हायती. फॅन बंद पडला तं नाव ठेवतील."

रत्नपाल कामावर जायला निघाला होता. तो म्हणाला, "आई, आता मशीन हाय घरात."

"लाईट हाय की. आभाळ बी मोकळं हाय. दुपारपुरतीच तं न्यायलेत," पार्वतीबाई म्हणाल्या. मी निघाले.

मांडवात जेवणाची पंगत बसली आणि वारा सुटला. आधी धूळ, मग पत्रे, मग खांब. गावाची लाईट गेली. मांडवातले फॅन मात्र माझ्या जोरावर फिरत राहिले आणि पाहुणे किशनरावांचं कौतुक करत राहिले. तिकडं घरी काय झालं ते पंचशीलेनं पुढं कितीदा तरी सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

मशीन शिट्टी वाजवून बंद पडली. पंचशीला मला आणायला उठली तशी सासूनं तिचा पदर धरला.

"बस खाली. दिलेलं मागायचं न्हाई."

"आत्याबाई, तुमचे ओठ निळे पडायलेत!"

"पडू दे. भरल्या मांडवातून वस्तू उचलून आणतीस? उद्या कोण यील मागायला आपल्या दारात?"

पंचशीलेनं पदर हिसकला आणि ती धावत सुटली. मांडवाच्या तोंडाशी ती उभी राहिली तेव्हा तिला बोलता येईना. नुसतं माझ्याकडं बोट. पाटावर बसलेल्या शिवकन्येनं ते पाहिलं. हिरव्या शालूतली ती मुलगी उठली, माझ्यापाशी आली आणि तिनं वायर ओढली. फॅन थांबले. भोंगा गप्प झाला.

"कोण बंद केलं? अक्कल हाय का न्हाई?" किशनराव ओरडले.

"मी केलं, आजोबा. तिकडं पार्वतीआजीची मशीन बंद पडलीय. ह्या बॅटरीवर चालती ती."

किशनरावांनी इकडंतिकडं पाहिलं. गडी सगळे पंगतीत, हात उष्टे. मग त्यांनी स्वतःच बांबूचं एक टोक खांद्यावर घेतलं. दुसरं टोक कुणी घ्यावं? गळ्यात हार घातलेल्या नवऱ्या मुलानं घेतलं. शिवकन्या इन्व्हर्टरचा डबा कडेवर घेऊन पुढं. अशी माझी वरात त्या वाऱ्यातून निघाली, आणि किशनराव ओटा चढून, उंबरा ओलांडून थेट खाटेपाशी आले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

मशीन सुरू झाली. मी जीव एकवटून दिला. पण माझ्यात होतं ते अर्धं मांडवानं पिऊन टाकलं होतं आणि उरलेलं क्षारानं. मी विझायच्या बेताला आले तेव्हा निरोप मिळून रत्नपाल मोटारसायकलीला ऑक्सिजनचं सिलिंडर बांधून बसवकल्याणहून पोहोचला. पार्वतीबाई वाचल्या. मित्रांनो, त्या दिवशी थोडक्यात निभावलं.

खांब उभे राहून गावाची लाईट परत आल्यावर रत्नपालनं बिदरहून महेशकुमारला बोलावलं. महेशकुमारचं तिथं मैलूर भागात सोलर-बॅटरीचं दुकान आहे. तो गाडीतून एक नवीच पेटी घेऊन आला. पांढरी, चपटी, भिंतीला अडकवायची. लिथियमची बॅटरी, असं तो म्हणाला. उजेडात नीट दिसावी म्हणून त्यानं ती ओट्यावर ठेवली. किशनराव आणि राजूबाई पार्वतीबाईंची चौकशी करायला आले होते. त्या दिवशीची घाई ओसरली होती आणि दोघं पुन्हा दाराबाहेरच, ओट्याच्या कडेवर टेकले होते.

किशनरावांनी पेटी उचलून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात काय भरलंय का न्हाई? बॅटरी कशी जड पायजे. हे तं पोकळ लागायलंय. रत्नपाल, फसशील बग."

"पोकळ न्हाई अण्णा," महेशकुमार हसला. "जड बघून तूर घ्या, बॅटरी नगं. ती कोपऱ्यातली जड हाय, पण अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य घटतं. ही साठवलेलं जवळजवळ सगळं देती. पाणी नगं, आडवीतिडवी व्हायची भीती न्हाई. दाम जास्ती हाय, ते बी सांगतो. पण चालती दुप्पट वर्षं."

"आन हिच्यासारख्याच दोन घेतल्या तं?" रत्नपालनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"स्वस्त पडतील. पण सांगू का, असल्या बॅटऱ्या भरताना वाफ सोडत्यात. मोकळ्या जागेत चालतंय. अक्काची छाती अशी, आन ही त्याच खोलीत."

रात्रंदिवस ज्या खाटेची मी राखण करत होते, तिथल्याच हवेत माझी वाफ जात होती.

मग महेशकुमारनं माझी टोपणं उघडली, मोजणीचं यंत्र लावलं आणि तो चुकचुकला. "वय झालं ते खरं, पण पट्ट्या अशा व्हायला नको होत्या. पाणी कोणतं घालताव?"

पंचशीलेला ते लागलं. "दुकानातलंच. माझ्या हातानं."

"मग ह्यात खारं पाणी कुठून आलं?"

ओट्यावरून राजूबाईंचा आवाज आला. "खारं कामून आसंल? आमच्या हिरीचं हाय. ग्वाड हाय पाणी!"

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. राजूबाई गोंधळल्या. "मीच घातलं होतं, जावळाच्या टायमाला. पाणी खाली गेल्यालं दिसलं. शेजाऱ्याची वस्तू रिकामी कशी परत द्यायची?"

रत्नपालनं कपाळाला हात लावला. आणि पार्वतीबाई हसायला लागल्या. नाकात नळी, हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसू. पंचशीला पाठीवरून हात फिरवत होती.

"किशनराव, ऐकायलाव का?" श्वास जमवून त्या म्हणाल्या. "त्या हिरीच्या पायरीला माझ्या आयचा पाय कवा लागला न्हाई. घागर घेऊन खाली उभी राहायची. तुमच्यातलं कुणी वरून ओतंल तवा पाणी. मी तिच्या लुगड्याला धरून उभी असायची, आन तुम्ही वर काठावर बसून पेरू खात होताव. आन हिला बगा! हिला राजूबाईनं मागितल्याबिगर तोंडापातुर पाजलं!"

किशनराव स्वतःच्या हातांकडं बघत राहिले. साठ वर्षं ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती आणि एकदाही उच्चारली गेली नव्हती. पार्वतीबाईंचा चेहरा सणासारखा का दिसायचा ते मला तेव्हा समजलं. ज्यांच्या विहिरीच्या पायरीखाली त्या उभ्या राहिल्या, तेच आता त्यांच्या दारात मागायला येत होते. देणाऱ्यांचं घर म्हणून त्या जगत होत्या, आणि ते देणं त्यांच्या श्वासावर उठलं होतं.

रत्नपाल हळूच म्हणाला, "आई, ही भिंतीवरचीच घेऊ."

"भिंतीला खिळली की हलायची न्हाई ती. मग कुणाला द्यायची कशी?"

"द्यायचीच न्हाई आता."

"तं मग घेऊ बी नगं." त्यांनी मान फिरवली. महेशकुमार वायरी गुंडाळत थांबला. हट्ट बराच वेळ चालला. रत्नपालनं विनवण्या केल्या, पंचशीला डोळे पुसत आत-बाहेर करत राहिली. शेवटी पार्वतीबाईच म्हणाल्या, "बरं, घे. पण एक कर. ओट्यावर, रस्त्याच्या अंगाला एक बोर्ड काढ. लाईट गेली की ज्याला पायजे त्यानं तिथं आपली पिन लावावी."

महेशकुमार म्हणाला, "काढू की. मशीनपुरती वीज राखून बोर्ड आपोआप बंद व्हावा अशी सोय बी करतो. मग कुणाची भीती न्हाई."

तो भिंतीवर खडूनं खूण करायला उठला, तेव्हा किशनराव बोलले. आवाज बारीक होता.

"ओट्यावर कामून? आत काढा. खाटेपाशी."

"आत कोण येतंय, किशनराव?" पार्वतीबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कुणी येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून तर त्यांनी स्वतःच बोर्ड रस्त्यावर मागितला होता.

"मी येतो, अक्का," किशनराव म्हणाले. चपला काढून ते आत आले आणि खाटेजवळ माझ्या शेजारी खाली बसले.

राजूबाई दारातून म्हणाल्या, "पंचशीला चहा टाकायली आसंल तं मी बी येते."

"या की," पार्वतीबाई म्हणाल्या. "पण पाणी आमच्या नळाचं हाय बगा. ग्वाड हाय का खारं, पिऊन सांगा."

पांढरी पेटी भिंतीवर चढली, बोर्ड आत खाटेपाशी निघाला आणि मला मागच्या पडवीत ठेवलं. महेशकुमार मला बदल्यात न्यायला तयार होता, पण पार्वतीबाईंनी नेऊ दिलं नाही. "राहू दे तिला. आम्ही दोघी बरोबरच निवृत्त झालोत."

त्या पावसाळ्यात मी नुसती ऐकत बसले. लाईट गेली की पावलं वाजायची. कुणी फोन लावायला, कुणी पाठीवरचा फवारणीचा पंप चार्जिंगला. वर्षावासाच्या वाचनाला पार्वतीबाईंना विहारात जाता येईना, मग ज्या संध्याकाळी लाईट नसायची त्या संध्याकाळी वाचनच घरी यायचं. राजूबाई चहाची कपबशी घेऊन भिंतीला टेकून ऐकायच्या. मी कोरडी पडत चालले होते, माझी टोपणं कुणी उघडत नव्हतं. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण थकलेल्या माणसाला पडवी मिळाली तर त्यानं फार मागू नये.

पार्वतीबाई माघात गेल्या. सकाळची वेळ होती, लाईट होती, मशीन चालू होती. विजेवाचून त्यांचा श्वास अडला नाही, एवढं रत्नपालनं साधलं होतं. जलदानाचा विधी झाल्यावर महेशकुमारची गाडी मला न्यायला आली. किशनराव बांबू उचलायला पुढं झाले, पण त्यांना पेलवलं नाही. शिवकन्येचा नवरा सासुरवाडीला आला होता; त्यानंच पुन्हा एक टोक धरलं.

आता मी मैलूरच्या दुकानामागे इतर म्हाताऱ्यांबरोबर बसले आहे. कारखान्याची गाडी आली की आम्हाला वितळवतील. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिची काडी बघत जा. तिला शुद्ध पाणीच द्या, मायेनंसुद्धा दुसरं देऊ नका. तिला झोपायच्या खोलीत ठेवू नका, आणि ती थकली की रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो आम्हाला फोडून ॲसिड ओढ्यात सोडतो, आणि ते पाणी कुणाच्या तरी विहिरीत उतरतं. विहिरीचं दुःख मी जवळून पाहिलं आहे.

महेशकुमार अधूनमधून मंठाळला जातो आणि गिऱ्हाइकांना तिकडच्या गोष्टी सांगतो. रत्नपाल अजून त्याच औषधाच्या दुकानात आहे. आईची मशीन त्यानं गावाच्या आरोग्य केंद्राला दिली. पंचशीला आता गल्लीतल्या सगळ्या घरांच्या बॅटऱ्यांचं पाणी बघून देते. शिवकन्या उद्गीरला नांदते. राजूबाईंचे गुडघे धरले आहेत, पण त्यांनी भांडी रिकामी परत देणं अजून सुरू केलेलं नाही. फक्त बॅटरीला हात लावण्याआधी विचारतात.

आणि किशनराव लाईट गेली की खाली येतात. चपला काढून आत जातात, खाटेपाशी फोन लावतात आणि बसून राहतात. पंचशीला चहा ठेवते. महेशकुमार सांगतो, त्यांचा फोन घरूनच भरलेला असतो.